कॅरमवरचा टीव्ही

बालाघाट, शनिवार, मार्च १९८६

गोंदियावाल्यांनी आज सुमीचं लग्न मोडलं. पोरगी जेवली नाही. शेजारच्या कुसुमवहिनीले सांगावं म्हणून मंडळाच्या हॉलमध्ये गेले. असलं सारं मी तिले कॅरम खेळतानाच सांगते, सोंगट्यांकडे पाहत. बोटं पावडरीनं पांढरी होईपर्यंत बोलतो आम्ही. आज मात्र आमच्या कॅरमवर भाड्याचा टीव्ही ठेवलेला, अन् सारा मोहल्ला चुपचाप व्हिडिओ पाहत बसलेला. मीही बसले. पिक्चर कोणता होता? आठवत नाही.

मध्येच वहिनी कानाशी म्हणाली, "सुमीच्या लग्नात बी व्हिडिओ आणू, हौ ना?"

"हौ," म्हटलं. काहून म्हटलं?

घरी सुमीनं विचारलं, "काकूले सांगितलं?"

पुन्हा हौच म्हटलं.

तिनं माझ्या बोटांकडे पाहिलं. पावडर नव्हती.