लाल दोऱ्याच्या पुढचं

अण्णा, तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी कालपासून तुमच्यावर डोकं फिरलंय माझं. चौथीतनं शाळा तुम्हीच सोडवली, तेव्हा अक्षर कसं का असंना, वाचून घ्या.

तुमची नात कंप्युटरवर चादरीची नक्षी काढते. नक्षीप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडा, ते ओवून माळ करा, माळ मागावर चढवा, हे आता राहिलं नाही. ती चौकटी भरते आणि पुढचं माग बघतो. तुमचे ग्राफचे जुने कागद मी ट्रंकेतनं काढून दिलेत, ते ती एकेक करून कंप्युटरात घालते. मी शेजारी बसून वाचते, तीन तांबड्या, एक सोड, दोन पांढऱ्या. तिला वाटतं आई कंटाळत नाही. कंटाळते की. पण तुमच्या कागदांत मी माझा एक कागद घुसवला होता. ज्वारीच्या कणसांची किनार. महिनाभर आठवून आठवून काढली होती. काल सकाळी तिनं ती भरली, मला चहा करायला लावला आणि मग तुमचा मोर उघडला.

त्या मोराची मान तिच्या हातनं वाकडी झाली. खोडते, भरते, परत खोडते. मला असला चाळा बघवत नाही. म्हटलं, पहिलं होतं तसं कर आणि मोकळी हो. ती म्हणाली, "सगळंच मागं जाईल आई. नेऊ?"

"ने की. किती विचारशील?"

तिनं रिसेट हार्ड असं काहीतरी टाइप केलं. मोर सरळ झाला. कणसं गेली.

मी ओरडत होते आणि ती समजावत होती. काम पुरं झालं की यंत्राला सांगायचं, हे पक्कं कर. त्याला कमिट म्हणतात. त्याच्या आधी नवी फाइल नुसती ओळीत उभी करायची, ते अॅड. कणसं ओळीत उभी होती, पक्की झाली नव्हती. हार्ड दिलं की यंत्र शेवटच्या पक्क्या जागेवर जातं आणि ओळीत नवं उभं असलेलं पुसून टाकतं. बरं, त्याच फोल्डरात माझी मसाल्याची यादी होती, अक्कलकोटचा एक हललेला फोटो होता. त्यांना धक्का नाही. का, तर त्यांना ओळीत कुणी घेतलंच नव्हतं, यंत्राला त्यांची खबरच नाही. म्हणजे जे शहाण्यासारखं ओळीत उभं राहिलं ते मेलं, आणि कचरा खुशाल लोळतोय. हा कुठला न्याय? नुसतं साधं रिसेट दिलं असतं तर फाइल जागेवर राहिली असती म्हणे, फक्त ओळीतनं बाहेर आली असती. पण मग मोरही वाकडाच राहिला असता. मी म्हटलं, राहू द्यायचा होता वाकडा. तर म्हणते कशी, "घाई तूच केलीस." तोंड कुणावर गेलंय ते तुम्हाला ठाऊक आहे.

आणि मला तुमचा चाकू दिसला. मी तेरा वर्षांची आहे, तुम्ही चहाला गेलाय. माळ जिथवर तपासून झाली तिथं तुम्ही लाल दोरा बांधायचात, त्याच्या पुढचं सगळं कच्चं. त्या कच्च्या टोकाला मी माझे चाळीस पुठ्ठे ओवलेत. चोरून, दुपारी तुम्ही झोपायचात तेव्हा भोकं पाडून केलेले. तुम्ही आलात, माग चालू केला, आणि मोराची मान तुटून आली. माझी कणसं अजून वर यायचीच होती. चुकला होता तुमचा पुठ्ठा, उलटा ओवला गेला होता. मागाचा मालक दारात उभा. तुम्ही माळ खाली ओढलीत, सगळी चाळलीत, टोकाशी थांबलात.

"ही टोकाची कुणी ओवली गं?"

मग लाल दोऱ्याशी चाकू लावलात आणि पुढची सगळी माळ, तुमचे पुठ्ठे, माझे पुठ्ठे, अंगणातल्या बंबात घातलीत. कोपऱ्यात उंदरांनी कुरतडलेले सुटे पुठ्ठे होते, त्यांना हातसुद्धा लावला नाहीत. दोरा सोडून माझे बाजूला ठेवता आले नसते? त्याच बंबाच्या पाण्यानं मला आंघोळ करावी लागली, अण्णा. पाणी लई कढत होतं.

आज पोरीनं कणसं शोधून काढली. एकदा ओळीत उभं राहिलेल्याची एक प्रत यंत्राच्या पोटात काही दिवस राहते, फक्त नाव जातं. बिननावाचे वीस-पंचवीस तुकडे निघाले. मी एका नजरेत ओळखलं आणि बोट ठेवलं. ती खूश झाली. नाव लिहायला गेली आणि म्हणाली, "ही आजोबांचीच ना?"

तेव्हा तुम्ही विचारलंत, ही कुणी ओवली. मालकासमोर मला मार बसेल म्हणून मी म्हटलं, मला काय ठाऊक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इतकी वर्षं नुसता चाकूच सांगत आले. माझी आहे म्हटलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, ते आता तुम्हीही सांगू शकत नाही, याचाच मला जास्त राग येतो.

आणि आज मालक नव्हता, मार नव्हता, समोर माझीच पोरगी होती. तरी मी म्हटलं, व्हय, आजोबांची. तिनं तुमचं नाव लिहिलं आणि लगेच पक्कं करून टाकलं.

नाव पुढं बदलता येतं म्हणे. मला ते येत नाही. तिला सांगावं लागेल, आणि तुम्हाला लिहिलेला हा कागद मी चारदा घडी घालून तिच्या टेबलापर्यंत नेला आणि परत आणला.