मंतरलेलं सरबत

आदरणीय जेगान मामांना,

पिकीनहून लातीरचा सलाम. तुम्ही सुखरूप ना? मामी? मामीचा गुडघा? घोडा, शेळ्या, भुईमुगाचं शेत आणि तुमचा माझ्यावरचा राग, सगळे सुखरूप असतीलच. (राग तर नक्कीच, दोन वर्षांत माझ्या एकाही पत्राला उत्तर नाही.)

आधी बातमी सांगून टाकतो. मी जिंकलो. हुश्श. एवढं लिहूनच जीव भांड्यात पडला. लागोपाठ तीन कुस्त्या हरलो होतो आणि वस्तादांनी बजावलं होतं की रविवारी पडलास तर गाशा गुंडाळ. म्हणजे सिगाताईच्या नवऱ्याकडे मासे सुकवत बसणं आलं, कारण गावात तोंड दाखवायची सोयच मी ठेवली नव्हती. निघताना सगळ्यांसमोर बोललो होतो ना, मामांचे पेच जुने झाले, शहरात आता मंतरलेल्या पाण्यावर कुस्त्या मारतात.

तर यंदा पाणी मंतरून देणाऱ्या मराबूंनी अकरा बाटल्या दिल्या. एक पायांना, एक पाठीला, असं करत शेवटची, लाल पाण्याची, डोक्यावरून. तिनं म्हणे समोरच्याचे हातपाय गळतात. टॅक्सीत सिगाताईही होती, मैदानाबाहेर विकायला बिसापच्या लाल सरबताच्या बाटल्या घेऊन. (तिचं सरबत तुम्हाला माहीत आहे, अर्धी बाटली साखरच असते.) पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. ढोल वाजत होते, मी पुटपुटत मोठ्या ऐटीत बाटली डोक्यावर उपडी केली आणि ओठांना गोड लागलं.

समोर रुफिस्कचा बिराम, दाराएवढा. माझ्या पापण्या चिकटलेल्या, कानाशी माश्या. मनात म्हटलं, संपलं लातीर, आता मासे. शिट्टी झाली. खरं सांगतो मामा, मी काहीच केलं नाही. बिरामचा हात मानेवर पडला तसा माझा खांदा आपोआप खाली गेला आणि हातांनी त्याचा गुडघा शोधला, जसा तुम्ही दहा वर्षं वाळूत शोधायला लावलात, चुकलो की पाठीत काठी घालून. पट निघाला. बिराम चीत आणि मी त्याच्यावर चिकटून. (अक्षरशः. दोघांनी ओढून सोडवलं.) मी रडलो मामा. लोकांना वाटलं, सरबत ओघळतंय.

तुमचे पेच जुने म्हणालो, ते चुकलं माझं. हे म्हणायला मला दोन वर्षं लागली.

तुमचाच भाचा,
लातीर

ता. क. मंतरलेली बाटली सिगाताईनं एका गिऱ्हाईकाला विकली. कडू आहे म्हणून त्यानं वरून साखर मागून घेतली आणि प्यायला. ठणठणीत आहे.

आणखी एक. दंडावर ताईत अजून आहे. विश्वास वगैरे नाही, पण आईनं बांधलाय. बिरामशी लढता येतं, आईशी कोण लढणार?

आता मुद्द्याचं. पुढची कुस्ती पाच आठवड्यांनी आहे आणि बिरामचा वस्ताद सांगत सुटलाय की समोरच्यानं आपला पाय मागे खेचला की या पोराचा खेळ खलास. खरं आहे ते. पाय खेचला तर काय करायचं, हे तुम्ही ज्या दिवशी शिकवणार होतात, त्याच्या आदल्या दिवशी मी बस पकडली. पत्रातून कळवू नका मामा, माझ्या हातांना वाचता येत नाही. तुम्हीच या.