पायरीच्या आत

ताई,

तीन आठवडे हे पत्र आज-उद्यावर ढकलतोय, कारण नोकरीची थाप मारून मी घर सोडलं. खरं म्हणजे मला स्वतःचीच लाज वाटत होती. आपल्या प्रार्थनाघराचं छत रंगवणाऱ्या रंगाऱ्याला प्रार्थनेला मीच बोलावलं होतं. तो परधर्माचा म्हणून बाबांनी त्याला दारातच अडवलं, आणि मी मूग गिळून गप्प बसलो. छताला त्याचे हात चालले, जमिनीला पाय चालले नाहीत!

सध्या त्याच्याच धर्माच्या लोकांच्या प्रार्थनाघरात झाडलोट करतो. पहिल्या दिवशी बाहेरच घुटमळत होतो, तर इथल्या आजी ओरडल्या, "अरे, दाराची राखण करतोस का? आत ये, पंखा आत आहे." तो पंखा किती किरकिरतो, काही विचारू नकोस! पण ते असो.

थांब, दारात बाबा उभे आहेत! पत्ता कुणी दिला कोण जाणे. आजी त्यांना "या की आत" म्हणतायत, आणि ते आपल्या बुटांकडे बघत तिथेच खिळलेत. कुणीतरी हात धरून त्यांना आत आणायला हवं. पत्र राहू दे, मी उठतो.

तुझा,
भटक्या