दीपस्तंभ आणि दोनशे बारा काड्या

३ ऑगस्ट
मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. (मुख्याध्यापिका. पण शाळेत सगळे मोठ्या बाईच म्हणतात.) म्हणाल्या, गृहपाठाला आणि या वयातल्या एकूणच अडचणींना उपयोगी पडतील अशा वेबसाइट्सची यादी मुलांसाठी करा, ग्रंथपाल म्हणून हे तुमचंच काम. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा शाळेला योग्य माणूस सापडला. यादी कसली, अख्खा कॅटलॉगच करतो. प्रत्येक वेबसाइटला एक कार्ड.

संकल्प: कन्येच्या अभ्यासातली लुडबुड आजपासून बंद. नववीत आहे, माझ्याच शाळेत. तिचं तिला कळतं.

६ ऑगस्ट, संध्याकाळ
त्रेचाळीस कार्डं तयार. गणित, शास्त्र, निबंध, परीक्षेची भीती, पिंपल्स, मैत्रिणींचा अबोला. हाताच्या सवयीने सगळ्यांवर ‘संदर्भासाठी. घरी नेऊ नये’ हा शिक्का बसला. असू दे, शिस्त दिसते.

एक यादी कन्येच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवली. ती म्हणाली, बाबा, प्लीज काढा. सौ. म्हणाली, अहो, तिला काय हवंय ते एकदा तिलाच विचारा की. त्यात विचारायचंय काय? कार्ड क्रमांक सतरा: ‘मुलांच्या मनातलं ओळखण्याच्या दहा खुणा’. तोंडपाठ आहे.

९ ऑगस्ट
शास्त्र प्रदर्शनासाठी कन्या आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल करतेय. पाहिला. कंबरेत उसण भरल्यासारखा एका बाजूला कललाय. मी चकार शब्द काढला नाही.

९ ऑगस्ट, दहा मिनिटांनंतर
फक्त एक काडी सरळ केली.

१० ऑगस्ट
दोनशे बारा काड्यांचा नवा पूल! आराखडा कार्ड क्रमांक आठवर होता. कन्येने थोडा वेळ गोंदाची बाटली धरली, मग म्हणाली, मी जाऊ? जा म्हटलं. हल्लीच्या मुलांना चिकाटीच नाही. पुलावर लायब्ररीतले सात जाडजूड शब्दकोश ठेवले, ढिम्म हलला नाही. तिचा पूल कपाटावर ठेवून दिला.

ही लुडबुड नव्हे. मार्गदर्शन.

१२ ऑगस्ट
कार्ड क्रमांक एकतीस, ‘खुली खिडकी’. मुलं टोपणनावाने आपली दुखणी लिहितात, मोठी माणसं टोपणनावाने उत्तरं देतात. उत्तरं देणाऱ्यांसाठीचा फॉर्म भरून टाकला. अनुभव: ‘घरी चौदा वर्षांची मुलगी. संबंध अत्यंत मोकळे.’ टोपणनाव: दीपस्तंभ.

१४ ऑगस्ट
पहिलं बक्षीस!! परीक्षकांनी विचारलं, सगळीकडे त्रिकोणच का? कन्या माझ्याकडे बघायला लागली. मी खालून हातांनी त्रिकोण करकरून दाखवले. पोरीला माझ्या खुणा कळत नाहीत. बक्षीस घेताना चेहरा असा, जणू इंजेक्शन घ्यायला उभी आहे. लाजाळू. आता पूल मोठ्या प्रदर्शनाला जाणार. सात जणांनी माझं अभिनंदन केलं. तिचंही केलं असेल कुणीतरी.

दीपस्तंभही मंजूर झाला. माणसाची पारख आहे त्यांना.

१६ ऑगस्ट, दुपार
पहिला प्रश्न आला. ‘कासव’ नावाच्या मुलीचा. लिहिते, माझं प्रोजेक्ट बाबांनीच केलं आणि बक्षीस मला मिळालं. कुणी शाबास म्हटलं की लपून बसावंसं वाटतं. बाबांना सांगायला गेलं की ते मलाच काहीतरी वाचून दाखवतात.

डोकंच फिरलं. काय एकेक बाप असतात! उत्तर लिहिलं: ‘बाळ, तुझ्या वडिलांना खरं तर स्वतःलाच शाबासकी हवी आहे. तू सरळ बाईंना खरं सांगून टाक. नोंद घ्यावी.’ पाठवलं. तेवढ्यात आत कन्येचा फोन टिंग. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मैत्रिणींचं चालूच.

१७ ऑगस्ट
कासव विचारतं, पण बाबांना वाईट वाटेल ना? ते इतके खूश आहेत, भेटेल त्याला सांगत सुटलेत.

गुणी मुलगी. अशी मुलगी मिळायला नशीब लागतं. लिहिलं: ‘वाटू दे वाईट. चार दिवस फुगून बसतील, मग येतील ताळ्यावर.’ आतून पुन्हा टिंग! फ्रिजवर चिठ्ठी लावली: ‘घरात फोनचा आवाज बंद ठेवावा. नोंद घ्यावी.’

१९ ऑगस्ट
सत्यानाश. कन्येने शास्त्राच्या बाईंना जाऊन सांगितलं की पूल माझ्या बाबांनी केलाय. सगळ्या वर्गासमोर! बक्षीस परत. बाई स्टाफरूममध्ये मला म्हणाल्या, सर, पूल मात्र छान झालाय हं. शिपाईसुद्धा हसला.

घरी येऊन विचारलं, हे कुणी शिकवलं तुला? म्हणाली, एका साइटवर एका काकांनी सांगितलं. मला वाटलंच होतं! कोण कुठले हे काका, ना ओळख ना पाळख, लोकांची घरं मोडायला बसलेत. मोठ्या बाईंना लेखी कळवलं की यादीतल्या सगळ्या वेबसाइट्स पुन्हा तपासाव्या लागतील.

२० ऑगस्ट
कन्येशी बोलणं बंद. जेवताना पेपर मध्ये धरला. दोनदा वाटलं, ती काहीतरी बोलणार. पान उलटलं.

२२ ऑगस्ट, संध्याकाळ
कासवाचं पत्र. ‘काका, मी बाईंना सांगितलं. खूप हलकं वाटलं. पण बाबा तीन दिवस बोलले नाहीत. जेवताना पेपर मध्ये धरतात. ते रागावलेत याचं काही नाही, पण मला ते पुन्हा बोलायला हवेत. काय करू?’

हा बाप म्हणजे कहरच. लिहिलं: ‘तू काही करू नकोस. माफी त्यांनी मागायची आहे.’ पाठवलं. टिंग.

उगाच आणखी एक शब्द पाठवला. ‘बाळ.’ टिंग.

मग नुसतं एक टिंब पाठवलं.

टिंग.

२२ ऑगस्ट, त्यानंतर
गॅलरीत बसून होतो. सौ.ने चहा आणून ठेवला. तिला विचारलं, तुला माहीत होतं का? म्हणाली, पोरीने उत्तर दाखवलं तेव्हाच. अहो, ‘नोंद घ्यावी’ असं या घरात दुसरं कोण म्हणतं? पोरीला तर फ्रिजवरची चिठ्ठी वाचली तेव्हाच कळलं.

म्हणजे सतरा तारखेला. बाईंना सांगितलं एकोणीसला. म्हणजे माझंच ऐकायचं ठरवून, माझंच ऐकलं तिने.

इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. उठून फ्रिजवरची चिठ्ठी काढली.

२३ ऑगस्ट, सकाळ
तिच्या खोलीत गेलो. कार्ड क्रमांक सतरा नेलं नाही. म्हटलं, चुकलो. पुढचं सगळं विसरलो. ती बरं म्हणाली. कपाटावरचा पूल खाली काढला, आणि माझ्या हातात गोंदाची बाटली दिली. मोठ्या प्रदर्शनाला स्वतःचा नेता येईल का, असं बाईंना विचारून आलीय म्हणे.

संकल्प: फक्त बाटली धरणे.

पाच मिनिटं धरली. सात धरली. आठव्या मिनिटाला एक काडी अगदीच तिरकी बसत होती. मी काही म्हटलं नाही. बोट फक्त जरासं पुढे गेलं.

तिने फोन घेतला, काहीतरी टाइप केलं. माझ्या खिशात टिंग.

‘काका, बाबांना बाटली ठेवून बाहेर बसायला कसं सांगू? त्यांना वाईट वाटायला नको.’

बाटली ठेवली. बाहेर बसलोय.