मीना सिस्टरचा खांब

खारघर
४ नोव्हेंबर २०२५

प्रिय शहा,

सलाम. देवाच्या कृपेने आम्ही सगळे बरे आहोत. तूही बरा असशील असं धरून चालते. पत्र पाहून हसशील, माहीत आहे. पण फोनवर मागून पप्पांचा खोकला ऐकू आला की तू "साइटवर आहे, नंतर करतो" म्हणतोस आणि ते नंतर काही येत नाही. कागदावर खोकला ऐकू येत नाही, म्हणून हा कागद.

आधी घरचं. उन्नती अकरावीत गेली आणि क्वायरमध्येही. दिवसभर घरात एकच ओळ गाते, तीही मधल्या सुरातली, मुख्य चालीची नाही, त्यामुळे गाणं कुठलं ते आम्हाला कळत नाही. निशांतची बदली टळली, तेव्हा नवरा याही वर्षी घरातच. पप्पांची शुगर ताब्यात आहे, जिभेवर ताबा नाही.

आणि चर्च! तू पाहिलंस तेव्हा नेरुळचं आपलं चर्च म्हणजे एक हॉल आणि पुढे पत्र्याची शेड. निम्मी मंडळी बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. आता पुढची भिंत पाडून हॉल वाढवलाय. आत सहा नवे खांब आणि त्यांच्यावर माडी. नाताळच्या उपासनेला माडी उघडायची आणि क्वायर वरून गाणार, असं ठरलंय. खिडक्या, पंखे, रंग बाकी आहे, म्हणून परवाच्या हंगामाच्या सणाचा सगळा लिलाव बिल्डिंग फंडासाठी केला.

आपल्यापैकी एकाचंही शेत नाही, सण मात्र जोरात. पीक सगळं एपीएमसीचं. अंकुशमामा तिथे भाजीच्या गाळ्यावर असतात, त्यांच्या टेम्पोतून ऊस आले, केळीचे घड आले, आणि एक दुधी भोपळा आला, चांगला लहान मुलाएवढा. जयप्रकाश आता कमिटीचे सेक्रेटरी आहेत. ते टेबलावर जवळजवळ चढलेच होते. "भोपळा बघा, भोपळा! घरी नेलात तर भाजी, परत दिलात तर खिडकी!" ज्याने घेतला त्याने परत टेबलावर ठेवला, पुन्हा बोली. शेवटी पाळकसाहेबांच्या बायकोने तो कडेवर घेतला आणि त्या म्हणाल्या, "आता पुरे, बिचारा दमला." पप्पा मोठ्याने हसले. आई गेल्यापासून असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

खांबांचं तुला सांगितलं होतं ना? एकेका घराने एकेक खांब उचललाय, आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने. उजवीकडचा दुसरा आपला. काळ्या ग्रॅनाइटवर लिहिलंय, 'ख्रिस्तवासी मीना सिस्टर यांच्या स्मरणार्थ'. आडनाव घालू का, असं विचारलं तर पप्पा म्हणाले, "आडनावानं तिला ओळखतंय कोण? सगळं हॉस्पिटल सिस्टर म्हणायचं, सिस्टर लिहा." ते दर रविवारी त्या खांबाशेजारीच बसतात. उपासना संपली की उठून खांबावर तळहात ठेवतात. नावावर नाही, मागच्या बाजूला, छातीच्या उंचीवर. जरा वेळ तसेच उभे राहतात. मी चपला शोधत असल्याचं नाटक करते.

एक विचारायचं होतं. पप्पा हात ठेवतात त्याच्या जरा खाली एक उभी चीर दिसते. केसाएवढी. जयप्रकाश म्हणाले, नव्या प्लास्टरला जातातच, टेन्शन घेऊ नका. तू पूल बांधतोस, म्हणून विचारून ठेवते. बाकी काही नाही.

सुरतेला थंडी पडली का? जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई

ता. क. केसापेक्षा थोडी जाड आहे.


खारघर
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय शहा,

सलाम. तुझा मेसेज मिळाला. चार वर्षांत तू मला पाठवलेला सगळ्यात लांब मेसेज, आणि त्यात माझी विचारपूस एका शब्दाचीही नाही. तरी मी तो इतक्यांदा वाचला की आता पाठ झालाय. 'चिरेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटव, दोन्ही टोकं पक्की. चीर हलली तर काच तुटेल. तुटली तर कुणाला विचारत बसू नको, माणसं बाहेर काढ. आणि नाण्याने ठोकून बघ, आवाज कुठे बदलतो.'

मला वाटलं होतं तू लिहिशील, काही नसतं गं ताई.

उन्नतीकडून कॉलेजच्या लॅबमधली काचेची स्लाइड मागवली. "कशाला?" म्हणाली. म्हटलं, चर्चच्या खांबाला. "मम्मी, खांबाचं ब्लड चेक करणार?" मी हसले. हसताना माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

गुरुवारी दुपारी पप्पांना घेऊन गेले. ते बाहेर उन्हात बसतो म्हणाले. मी आत जाऊन काच चिकटवली आणि मग नाणं काढलं. खाली ठोकलं, भरीव. वर ठोकलं, भरीव. पप्पा तळहात ठेवतात तिथे ठोकलं, आणि आवाज बदलला. रिकाम्या पिंपावर बोट वाजवावं तसा. मी पुन्हा ठोकलं. पुन्हा तसाच.

"तिथं ठोकू नकोस, नमू."

पप्पा दारात उभे होते.

"का?" मी विचारलं.

"तिथं तुझी आई आहे."

शहा, पहिल्यांदा मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. मी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. मग ते नीट सांगू लागले, आणि त्यांचं डोकं शाबूत आहे हे कळल्यावर मला जास्त भीती वाटली.

खांब भरायच्या दिवशी पाळकसाहेब प्रत्येक खांबापाशी प्रार्थना करायचे आणि त्या घरातल्या एकाने वर चढून पहिल्यांदा काँक्रीटचं घमेलं ओतायचं, अशी पद्धत ठेवली होती. आपल्या खांबाला वेळ लागला. मालच संपला होता, पुढचा येईपर्यंत खांब छातीपर्यंत भरून थांबलेला. तेव्हा पप्पा पुन्हा वर चढले. त्यांच्या खांद्यावरच्या शबनममध्ये आईचा ड्रम होता. आठवतो ना? मिशन हॉस्पिटलमधला, ड्रेसिंग ठेवायचा स्टीलचा छोटा गोल डबा. नंतर आपण त्यात बिस्किटं ठेवायचो. त्यात त्यांनी आईची पांढरी टोपी, एप्रनला लावायचं तिचं घड्याळ आणि चष्मा ठेवला होता. तो त्यांनी सळयांच्या मधून आत सोडला. सिताराम मिस्त्रीने खालून विचारलं, "बाबा, काय टाकलं?" पप्पा म्हणाले, "प्रार्थना केली." मग त्याच्यावर माल ओतला.

मी म्हटलं, "पप्पा, तिची कबर आहे ना?"

ते म्हणाले, "कबर किती वर्षं राहते इथं? जागा नाही म्हणून उघडतात आणि दुसऱ्याला देतात. तिचीही देतील. शहाजी बोलला ते खरंच आहे, तिला हॉस्पिटलात न्यायला मी उशीर केला. निदान तिला एक जागा तरी पक्की द्यावी म्हटलं, जिथून कुणी उठवणार नाही."

कबरस्तानच्या फाटकात तू त्यांना जे बोललास, ते आपण तिघांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही. 'तुमच्या प्रार्थनासभा संपल्या नाहीत म्हणून माझी आई गेली.' मला वाटायचं, पप्पांनी ते ऐकून सोडून दिलं. त्यांनी सोडलेलं नाही रे. खांबात भरून ठेवलंय.

जयप्रकाशना मी पुन्हा चीर दाखवली. ड्रमचं सांगितलं नाही. ते आधी हसले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, हात जोडतो, नाताळपर्यंत नाव काढू नका. परवानगी किती मुश्किलीने मिळाली तुम्हाला ठाऊक आहे. आजूबाजूला आपल्यावर टपलेले कमी आहेत का? एक तक्रार गेली की काम बंद." त्यांच्या डोळ्यांत जी भीती होती तीही खोटी नव्हती. मी परत फिरले.

खरं बोलायचं तर मी त्यांच्यामुळे परत फिरले नाही. सांगितलं तर आईचं नाव उतरवतील, सगळ्यांदेखत खांब फोडतील, आणि पप्पा, ज्यांना कमिटीने कामावर देखरेखीला ठेवलं होतं, ते मान खाली घालून बसतील. या वयात. मला ते बघवणार नाही.

म्हणून या रविवारी मी त्या खांबाशी बसले आणि वचन चालू असताना काचेकडे बघत राहिले. वर क्वायरचा सराव सुरू झालाय. जिन्याच्या फटीतून उन्नतीचे पांढरे बूट वर जाताना दिसतात. काच शाबूत आहे, म्हणून मी गप्प आहे. हे वाक्य लिहिल्यावर मला माझीच भीती वाटली.

पप्पा म्हणालेत, शहाजीला कळवू नकोस.

घाबरलेली,
ताई


खारघर
८ डिसेंबर २०२५

शहा,

काच तुटली.

कुणाला काही झालेलं नाही, हे आधी वाच आणि मग पुढचं.

काल उपासनेनंतर नाताळच्या गाण्यांचा सराव होता. संडे स्कूलची पोरंही बोलावलेली, सगळी माडी भरली. ढोलकीवर ती उड्या मारायला लागली. मी खांबाशी बसले होते, डोळे काचेवर. बांगडी तुटावी तेवढाच आवाज झाला. इतक्या गोंगाटात तो मलाच कसा ऐकू आला, देव जाणे. स्लाइडच्या मधोमध एक रेघ.

मी उठले. तोंडातून निघालं ते "उन्नती!" एवढंच. आधी माझंच पोर आठवलं. मग भान आलं आणि ओरडले, "सगळे खाली या! एकेक करून! पळू नका, उड्या मारू नका!"

ढोलकी थांबली. जयप्रकाश धावत आले. "ताई, काय तमाशा लावलाय?"

"माणसं खाली उतरवा. मग बोला."

पोरं जिन्यावरून येत होती आणि मी प्रत्येक पायरीबरोबर खांबाकडे बघत होते. शहा, तो जिना किती लांब आहे हे मला सांगता येणार नाही. सगळ्यात शेवटी उन्नती उतरली, कारण लहान पोरांना ती पुढे सोडत होती. तिचा हात धरला तेव्हा माझी नखं तिला लागली, आज तिने दाखवलं.

पप्पा तेवढ्या वेळात उठून खांबाला पाठ लावून उभे राहिले होते. जणू त्यांच्याने तो तोलला जाणार होता. मी म्हटलं, पप्पा, बाहेर चला. ते हलले नाहीत. "मंडळीला सलाम," म्हणाले, "मला साक्ष द्यायची आहे."

"बाहेर द्या!" मी ओरडले. मी पप्पांवर आयुष्यात कधी ओरडले नव्हते. निशांतने त्यांना धरून अंगणात आणलं. तिथे पत्र्याखाली उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. ड्रम, टोपी, चष्मा, सगळं. तुझं नाव नाही घेतलं. "मी उशीर केला होता, म्हणून मी हे केलं," एवढंच म्हणाले.

जयप्रकाश पुढे आले. "बाबा, पोरं होती वर. माझी पण पोरगी होती."

"म्हणून तर सांगतोय," पप्पा म्हणाले.

"मग आधी का नाही?"

मी तिथेच म्हटलं की मलाही ठाऊक होतं. जयप्रकाश माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनीच मान फिरवली, कारण चीर त्यांनीही पाहिली होती.

शेजारचा खांब वैशालीच्या नवऱ्याच्या नावाचा आहे, तुला ती आठवत असेल, शाळेत शिकवते. ती पप्पांपाशी येऊन म्हणाली, "बाबा, मला सुचलं असतं ना, तर मीही टाकलं असतं काहीतरी." मग ती रडली. पप्पा नाही रडले.

सिताराम संध्याकाळीच आला. "तरीच त्या दिवशी व्हायब्रेटरची सुई खाली जाईना," म्हणाला. माल आत दाबला गेलाच नाही, डब्याभोवती सगळं पोकळ राहिलं असणार. त्याने तुळईखाली लोखंडी टेकू लावलेत. चर्चला कुलूप आहे. नाताळ बाहेर, पुन्हा प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. सिताराम म्हणतो, खांब फोडून नव्याने भरावा लागेल, पण अंगावर भार असताना तो कसा फोडायचा ते इंजिनिअरने उभं राहून सांगायला हवं, मी हात लावणार नाही. पाळकसाहेब म्हणाले, "शहाजीला विचारा ना." कमिटीत कुणी नाही म्हणालं नाही. जयप्रकाशसुद्धा नाही.

पप्पा कालपासून जेवलेले नाहीत. बाल्कनीत बसून आहेत. आज सकाळी मला एवढंच विचारलं, "फोडताना डब्याला धक्का लागेल का?" म्हटलं, मला नाही माहीत. तर म्हणाले, "मग ज्याला माहीत आहे त्याला बोलव. त्याच्या आईचा आहे, त्याने काढावा. मग त्याला जे बोलायचं ते बोलू दे. मी ऐकेन."

आपल्या बापाने हे म्हणावं याची तू किती वर्षं वाट बघत होतास, मला माहीत आहे. पण मी त्यासाठी तुला लिहीत नाहीये. माझी भीती साधी आहे.

दुपारी मी त्यांची चादर बदलायला गेले. उशीखाली चर्चची चावी होती. देखरेखीला होते तेव्हाची, परत द्यायची राहिलेली. आणि शबनममध्ये घरातला हातोडा, छिन्नी आणि आईचा एक धुतलेला रुमाल.

ते एकटे जातील, शहा. त्या खांबाखाली उभे राहतील आणि हळू हळू, डब्याला लागू नये म्हणून अगदी हळू, ठोकत राहतील.

हातोडा मी शेजारी दिला. चावी माझ्या गळ्यातल्या क्रूसाच्या साखळीत अडकवली आहे. वाकले की दोन्ही एकमेकांवर वाजतात, आणि बाल्कनीतून पप्पा मान वळवून बघतात. त्यांना कळलंय ती कुठे आहे. अजून मागितली नाही. मागितली तर मी किती दिवस नाही म्हणू शकेन, याची मला खात्री नाही.

तू ये. ती तुझ्या हातात देईपर्यंत मी साखळी काढणार नाही.

तुझी,
ताई