मास्तरीणबाईंच्या छतावरचा डाग

३ मार्च, सोमवार. पहाटे ५.१०

स्नान आणि पोथीवाचन उरकले. चित्त शांत. आजपासून रोजनिशी नियमाने लिहिण्याचा संकल्प. नळ-पाइपांच्या धंद्यातून निवृत्त होऊन चार वर्षे झाली. अनुभव कागदावर उतरला नाही तर माझ्याबरोबरच जाईल. या गल्लीतील माणसांचे चेहरे मी विसरतो, पण त्यांच्या भिंतींच्या आत काय आहे ते विसरत नाही. छापखान्याच्या मोरीला उतार कमी आहे. शिंप्याच्या दुकानातला पाइप तुंबला होता तेव्हा त्यातून तेवीस बटणे निघाली. शिंप्याने ती धुऊन पुन्हा डब्यात टाकली. न्हाव्याच्या बेसिनविषयी लिहवत नाही.

सकाळी ९

खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई वर आल्या. निवृत्त शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर, एकट्याच राहतात. आमची कन्या त्यांच्याच वर्गात शिकली. त्यांच्या झोपायच्या खोलीच्या छतावर ओला डाग पडला आहे. बशीएवढा. मी म्हणालो, निश्चिंत असा, दोन दिवसांत बंद करतो. त्या म्हणाल्या, घाई नाही हो, फक्त थेंब नेमका उशीवर पडतोय.

४ मार्च, मंगळवार

निदान झाले. दोष वरच्या मजल्यावरचा. तेथे राहणाऱ्या छायाचित्रकाराने गेल्या वर्षी बाथरूमला नव्या टाइल्स बसवल्या. कोण्या उपटसुंभाने काम केले असणार. पाणी त्याच्या घरातून निघते, माझ्या भिंतीच्या कडेने उतरते आणि खाली प्रकट होते. पाण्याची गती गहन आहे.

माझ्या घरातून गळणे अशक्य. या इमारतीचे सर्व पाइप छत्तीस वर्षांपूर्वी मी स्वहस्ते टाकले. प्रत्येक जॉइंटच्या आट्यांवर सूत, त्यावर सफेद्याचा लेप, त्यावर पान्याचा पूर्ण पीळ. आणि प्लास्टर करण्यापूर्वी चोवीस तास पाण्याचा दाब ठेवून गळतीची परीक्षा. याला मी तप म्हणतो.

दुपारी कन्येचा फोन. आपले नळसामानाचे दुकान आता ती चालवते. तिच्या आईने तिला डागाची वार्ता दिलेली दिसते. म्हणाली, बाबा, तासभर सगळे नळ बंद ठेवा आणि खाली जाऊन आपला पाण्याचा मीटर बघा. काटा फिरला तर गळती आपलीच. तुम्हीच शिकवलंय ना मला?

शिकवले आहे. सर्वांनी लक्षात ठेवावे असेच ते आहे. परंतु परीक्षा शंकेखोरांसाठी असते. मला शंका नाही.

६ मार्च, गुरुवार

दोन दिवसांची मुदत काल संपली. डाग ताटाएवढा. छायाचित्रकार गावाला गेला असल्याने काम अडले, यात माझा दोष नाही.

वेळ वाया जाऊ नये म्हणून गृहस्थांसाठी चार शब्द लिहून ठेवतो. नळ ठिबकू लागला की लोक तो अधिक जोराने आवळतात. नळाचा वॉशर मऊ असतो. जितके आवळाल तितका तो फाटेल. अपत्यांचेही असेच. संडासाची टाकी आतल्या आत गळते अशी शंका आली तर टाकीत थोडा रंग टाकावा व अर्धा तास बसून राहावे. भांड्यात रंग उतरला तर शंका खरी. मोरीत उकळते पाणी ओतल्यास तूप-तेल वितळते खरे, पण ते पुढे जाऊन थिजते; दोष फक्त शेजाऱ्याकडे सरकतो.

सौ. म्हणाली, मीटर बघायला काय आपल्याला डोंगर चढायचाय? खाली जिन्याशीच तर आहे. मी पोथी उघडली.

९ मार्च, रविवार

छायाचित्रकार परत आला. त्याला समजावले. तो म्हणाला, काका, माझ्याकडे सगळं कोरडं आहे. मी म्हणालो, वरवर पाहणाऱ्यास सर्वच कोरडे दिसते. तीन टाइल्स फोडल्या. आत कोरडे.

चौथी फोडली. कोरडे.

तो कमरेवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, काका, आता फोटो काढून ठेवू का आठवण म्हणून? उपहास ओळखण्याइतपत माझे वाचन आहे. क्रोध आवरला. षड्रिपूंत क्रोध दुसरा. अहंकार मात्र माझ्यात मुळातच नसल्यामुळे त्याच्याशी कधी झगडावे लागले नाही.

११ मार्च, मंगळवार

दुकानाविषयी येथे स्पष्ट लिहून ठेवणे इष्ट. चार वर्षांपूर्वी मी ते स्वेच्छेने सोडले. वानप्रस्थ म्हणून. प्लास्टिकचा पाइप मागणाऱ्या एका गिऱ्हाइकाला मी त्याच्या घराण्याविषयी दोन सत्ये सांगितली, आणि त्याच संध्याकाळी कन्या म्हणाली, बाबा, तुम्ही आता घरी आराम करा. हा केवळ योगायोग. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. तिने त्या उचलल्या. जरा लवकरच उचलल्या.

आता योजना अशी. ही गळती मी शोधणार. गल्लीत बोलबाला होणार. कन्या स्वतः किल्ल्या घेऊन येणार आणि म्हणणार, बाबा, तुमच्यावाचून दुकानाचं काही खरं नाही. पहिल्यांदा मी नकार देईन. दुसऱ्यांदा जाईन. खुर्ची खिडकीपाशी हवी.

मास्तरीणबाईंनी पलंग स्वयंपाकघरात हलवला आहे. खोकतात.

१२ मार्च

उपाय सापडला. उद्या.

१५ मार्च, शनिवार

उद्या म्हटले होते ते आज झाले. निदानात किंचित सुधारणा केली होती: गळती वरची नसेल तर ती मास्तरीणबाईंच्या स्वतःच्याच पाइपाची. त्यांच्या छतालगत आडवा पाइप जातो. भिंतीवर खूण केली आणि छिन्नी लावली.

पाइप सापडला. तो निर्दोष होता. छिन्नी लागेपर्यंत निर्दोष होता.

फवारा समोरच्या कपाटावर. बाई पुढे सरसावल्या. साडीचा पदर खोचून पुस्तके उचलू लागल्या. मुख्य व्हॉल्व बंद करायला मी जिन्यावरून धावलो, तर सौ. आधीच तेथे उभी आणि व्हॉल्व तिने बंद केलेला. ती तिथे कशी, असे विचारले. म्हणाली, तुम्ही छिन्नी घेऊन निघालात तेव्हाच मी खाली येऊन उभी राहिले.

फुटलेला पाइप मी चाळीस मिनिटांत जोडला. सूत, सफेदा, पूर्ण पीळ. हात अजून चालतो. त्याविषयी मात्र कोणी काही बोलले नाही.

१७ मार्च, सोमवार

डाग आता गोधडीएवढा. छताचे पोपडे पडू लागले. मास्तरीणबाई सकाळी जिन्यात भेटल्या. मी त्यांना चुकवतो आहे हे त्यांच्या लक्षात आले. म्हणाल्या, पळू नका, मी काही छडी आणलेली नाही.

आज पोथीत चित्त रमेना. एक ओळ तीनदा वाचली. पाण्याचे पाप धुवायला पाणीच लागते, असे मनात आले. पोथीत असे काही नाही, माझेच आहे. लिहून ठेवण्याजोगे.

दुपारी सौ. पदराला हात पुसत समोर बसली. म्हणाली, छत्तीस वर्षं मी तुमच्या तोंडून मीटर मीटर ऐकतेय. अख्ख्या गल्लीला बघायला लावलात. आपला एकदा बघा. एकच तास. मी म्हणालो, आणि काटा फिरला तर? ती म्हणाली, तर फिरला.

हे उत्तर नव्हे.

२० मार्च, गुरुवार. दुपारी ४

सविस्तर लिहितो. सत्य लपवणे माझ्या स्वभावात नाही.

सकाळी दहाला कन्या आली. बोलावले कोणी ते विचारले नाही. खांद्यावर हत्यारांची पिशवी. तिच्यातला पाना मी वापरत असे त्यापेक्षा लांब दांड्याचा. घरातले सर्व नळ तिने स्वतः बंद केले. मग खाली मीटरपाशी जाऊन पायरीवर बसली. मीही गेलो, केवळ सोबत म्हणून.

लहान काटा फिरत होता. तासभर थांबायची आवश्यकता उरली नाही. ती तरीही पूर्ण तास बसली. मीही बसलो. चार वर्षांत इतका वेळ शेजारी बसलो नव्हतो.

वॉशबेसिनमागची भिंत तिने फोडली. टाइल अखंड काढली. हे मी तिला शिकवलेले नाही. आत एल्बोचा, म्हणजे पाइपाच्या वळणाचा, जॉइंट. ओला, गंजलेला. तिने त्याला पाना लावला तर तो जवळजवळ पूर्ण एक फेरा फिरला. म्हणजे सूत होते, सफेदा होता, पीळ नव्हता. तो जॉइंट कुणीतरी नुसता बोटांनी घट्ट करून ठेवला होता.

मला आठवले. मी ते कधी विसरलोच नव्हतो, असेही म्हणता येईल. इमारतीतली सर्व घरे आधी झाली, आमचे सर्वांत शेवटी. कन्येच्या वेळी सौ.ला दिवस भरत आले होते. नव्या घरात जाण्याची घाई. गवंडी प्लास्टर घेऊन उभा. पाना वरच्या मजल्यावर राहिलेला. मी म्हणालो, लाव प्लास्टर, आपलंच घर आहे, उद्या बघू. लोकांच्या घरांत चोवीस तास दाब ठेवला. आमच्या घरात एक तासही नाही.

तथापि एक गोष्ट नोंदवणे न्यायाचे ठरेल. नुसत्या बोटांनी घट्ट केलेला जॉइंट छत्तीस वर्षे टिकला. असे बोट आज कोणाचे आहे? मी हे कन्येला म्हणालो. ती म्हणाली, बाबा, बोटाने नाही, गंजाने धरून ठेवला होता. टॉर्च जरा डावीकडे धरा.

टॉर्च धरण्यास मी संमती दिली होती.

सायंकाळी ६

जाताना कन्या दारात थांबली. गळती आमचीच हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, असे तिने सांगितले. मला फोन केला त्याआधीच तिची आई खाली जाऊन काटा पाहून आली होती. मग बोलली का नाहीस, असे मी विचारले. म्हणाली, फोन केला होता ना बाबा. तुम्ही स्वतः बघाल म्हणून आम्ही थांबलो. मास्तरीणबाईंनाही मी सांगितलं होतं, उद्याच येऊन करून देते. त्याच म्हणाल्या, थांब गं, त्यांचं त्यांना सापडू दे, माझा पलंग काय, हलवता येतो.

म्हणजे हा कट होता. तीन बायका. सतरा दिवस.

२१ मार्च, शुक्रवार

क्षमायाचना करण्यासाठी खाली गेलो. भाषण तयार केले होते. त्यात कर्मफळ, विस्मृती आणि मानवी मर्यादा यांचा क्रमाने परामर्श होता. दुसऱ्या वाक्यापाशी मास्तरीणबाई म्हणाल्या, चपला बाहेर काढा, आत्ताच पुसलंय.

मग चहा दिला. खोकला ऐकून मी औषधाची चौकशी केली. त्या म्हणाल्या, तुमची मुलगी माझ्या वर्गात होती तेव्हा गणित चुकलं की न सांगता फळ्यापाशी यायची, आपल्या हाताने पुसायची आणि पुन्हा मांडायची. मला नेहमी वाटायचं, हे घरात कोणाकडून शिकली असेल.

मी नम्रपणे मान लववली.

त्या म्हणाल्या, आईकडून असणार.

पुढील नियोजित मुद्दे मांडले नाहीत. चहा गार होण्याआधी संपवला.

२२ मार्च, शनिवार

कन्या भिंतीचे प्लास्टर करून घेण्यास आली होती. ती हात धूत असता मी सहज म्हणून दुकानाचा विषय काढला. सोमवारपासून दोन तास बसेन, म्हणालो. केवळ लोकांना सल्ला हवा असतो म्हणून. ती बराच वेळ हात धूत राहिली. मग नळ बंद केला. हलक्या हाताने, जसा करायला हवा तसा. म्हणाली, बाबा, लोक दुकानात नळासाठी येतात. प्रवचनासाठी नाही.

यास स्पष्ट नकार म्हणता येणार नाही. तिने खुर्चीविषयी काहीच म्हटले नाही. सौ. आतून म्हणाली, तिने नको म्हटलंय. मी म्हणालो, तो शब्द तिने उच्चारलेला नाही.

सोमवारी जाणार. इस्त्रीचा सदरा.

२४ मार्च, सोमवार

पोथी वाचली नाही. साडेदहाला दुकानात गेलो. कन्या कामावर बाहेर गेलेली. काउंटरवर एक पोक्त बाई. नवीन ठेवलेल्या दिसतात. खिडकीपाशी प्लास्टिकच्या पाइपांचे गठ्ठे रचलेले. मी आत शिरून उभा राहिलो. त्यांनी चष्मा वर करून विचारले, काय हवंय काका?

मी कोण ते सांगणार होतो.

अर्ध्या इंचाचा वॉशर मागितला. त्यांनी दिला. घरी आलो. घरातला एकही नळ गळत नाही.