गच्चीचा प्रसंग

बसवनगुडी, बेंगळुरू
९ फेब्रुवारी २०२४

चि. पवित्रास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या कंपनीत विसराळू माणसांना पगार जास्त देतात का गं? गच्ची कशी होती हे तू पुन्हा विचारते आहेस. आधीची उत्तरं काय व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकमध्ये अडकली? आता सांगते ते टिपून ठेव. तुला लिहिता येतं, त्याचा काही उपयोग कर.

फोन करते म्हणू नकोस. फोनमध्ये तुझा आवाज भुंग्यासारखा येतो. हेच बरं आहे. मी बोलते, विश्वासभावजी लिहितात, तुझं पत्र आलं की तेच वाचून दाखवतात. शिकलेला दीर असा उपयोगी पडतो.

कादंबरीचे प्रसंग कार्डांवर लिहून तू कपाटाच्या दाराला चिकटवतेस म्हणे. कपडे काढताना कथा उघडत असेल. प्रत्येक प्रसंगात कुणाला तरी काहीतरी हवं असतं, हे तुझं म्हणणं मात्र पटलं. माझ्या प्रसंगात मला कॉफी हवी असते.

तर गच्ची. कठडा गुडघ्याएवढाच होता. माझी जाऊ अलका वाळलेले कपडे आणायला वर गेली. त्या दुपारी पावसाची एक सर येऊन गेली होती, फरशी निसरडी झाली होती. तिचा पाय घसरला, खाली पडली ती गेलीच. भावजी खाली पेपर वाचत होते. एवढंच आहे, यात कादंबरी होण्यासारखं काही नाही.

जेवत जा. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा पुरे, वजन तेवढं वाढव.

तुझी आजी

ता. क. वहिनींना अलीकडे नीट आठवत नाही. त्यांच्या बोलण्यावर कादंबरी उभारू नकोस. तू लिहिलेलं आणखी कुणी वाचलं आहे का, ते जरूर कळव. — विश्वासआजोबा


व्हाइटफील्ड
१८ फेब्रुवारी २०२४

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझ्या कॉफीचा प्रसंग तेवढा माझ्याकडे नीट बसला आहे. गच्चीचा बसत नाही. मसुदा परत खोडला.

तू म्हणतेस सर येऊन गेली. मग कपडे भिजू देऊन अलकाआजी नंतर कशाला वर जाईल? पाऊस घातला की ती मठ्ठ वाटायला लागते. आणि ती तशी नव्हती. दिवाळीत तूच सांगितलंस, की तिला धारवाडच्या शाळेत नोकरी लागली होती, बॅग भरून तयार होती, दुसऱ्या दिवशी ती हे घर कायमचं सोडणार होती. म्हणून मी पाऊस काढून पाहिला.

मग नवरा अडला. तो खाली पेपर वाचतो आणि त्याला काहीच नको असतं. ज्याची बायको उद्या निघून जाणार, त्याला काहीच नको? मसुद्यापुरतं मी त्याला तिच्यामागे जिन्यावर पाठवलं. आजी, प्रसंग लगेच उभा राहिला. मला लिहितानाच कसंतरी झालं. लॅपटॉप मिटला आणि जाऊन भांडी घासत बसले.

ही कादंबरी आहे, विश्वासआजोबांबद्दल मला काही म्हणायचं नाही. तरी त्यांना उगाच वाईट वाटायला नको. हे पत्र शेजारच्या कावेरीअक्कांकडून वाचून घे. लिहिलेलं अजून कुणीही वाचलेलं नाही, सगळं माझ्या लॅपटॉपमध्येच आहे. एवढं एकच सांग, त्या दिवशी कपडे ओले होते की कोरडे?

रागावू नकोस, माया आहे तशीच ठेव.

तुझी पवित्रा


बसवनगुडी
२७ फेब्रुवारी २०२४

चि. पवित्रास आशीर्वाद. वि. वि.

अक्षर वेगळं दिसलं म्हणून दचकू नकोस. हे कावेरी लिहिते आहे. निपाणीकडची आहे, मराठी चांगलं येतं, फक्त लिहायला स्वल्प वेळ घेते.

कावेरीकडून वाचून घे असं लिहिलंस आणि पाकीट आमच्याच दारात पाठवलंस. आमच्याकडे टपाल कोण घेतं गं? एवढी शिकलीस, पण तुझ्या आजीला वाचता येत नाही हे तुझ्या ध्यानात राहत नाही.

भावजींनी मला वाचून दाखवलं, की पवित्राला काम फार आहे, तिने कादंबरी सोडली, तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. मला अक्षर येत नाही, पण पानं दिसतात. त्यांनी पानांमागून पानं उलटली आणि तोंडातून निघालं ते दोन ओळींचं. मी ‘सरी, बरं’ म्हटलं आणि कॉफी मागितली. आज ते बँकेत गेल्यावर त्यांच्या गादीखालून पत्र काढलं आणि कावेरीकडे आले. तिला ते परत परत वाचायला लावलं.

पावसाचं मी बोललेच नव्हते. त्या दुपारी आभाळ स्वच्छ होतं. अलकाला उचलून नेल्यावर दोरीवरचे उरलेले कपडे मीच काढले. कडक वाळलेले होते. हेच मी भावजींना लिहायला सांगितलं. ते मान डोलावत लिहीत होते आणि कागदावर पाऊस पाडत होते. ज्याला पाऊस पाडावा लागतो त्याला काय हवं असतं, ते तू कार्डावर लिही. तुझा प्रसंग खोडू नकोस.

तुझं पत्र आल्यापासून ते माझ्याशी फार गोड वागतात. गच्चीचं दार अलका गेल्यापासून कुलपात होतं. काल त्यांनी त्या कुलपात तेल घातलं. उडदाचं पीठ आणून ठेवलं आहे. वहिनी, यंदा वाळवण घरीच करू, चांगलं ऊन पडलं की आपण दोघं वर जाऊ, असं म्हणाले. माझ्या गुडघ्यांना जिना झेपत नाही म्हटलं, तर म्हणाले, मी धरेन. मी हसले, आणि पीठ जुनं दिसतंय, नीट चाळायला हवं असं सांगून दोन दिवस ढकलले.

कावेरी म्हणते, इथेच राहा. पण आज मी हलले तर मला कळलंय हे त्यांना कळेल. पत्र होतं तसं गादीखाली ठेवते. शनिवारी ये. एकटी येऊ नकोस, आणि गाडी दारातच उभी ठेव. तोवर लिहिलेल्याची एक प्रत कुणा भरवशाच्या माणसाकडे देऊन ठेव. इकडे फोन नको, टपाल नको. कावेरीचा नवरा महांतेश तुमच्याच बाजूला कामाला येतो, हे पत्र त्याच्या हाती देते आहे. उत्तरही त्याच्याच हाती दे.

लोभ असू दे, आणि या वेळी लक्षातही असू दे.

तुझी आजी

ता. क. महांतेशबरोबर आजच पापड, कुरडया, सांडगे पाठव. दुकानातून घे, मोठा डबा भरून, आणि वर भावजींचं नाव घाल, म्हणजे ते स्वतःच उघडतील. घरात वर्षाचं वाळवण आलेलं दिसलं की मला वर न्यायला त्यांच्याकडे निमित्त उरणार नाही.